सुई घालू नये

रिपोर्ट इंग्रजीत टाइप केलेला होता. तळाशी मात्र निळ्या शाईनं, ठळक मराठीत लिहिलं होतं, ‘या गाठीत कोणीही सुई घालू नये.’ खाली दोन रेघा. मुरुमजवळच्या एका वाडीवर मेंढरं राखणाऱ्या घरातला तरुण तो कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आला होता. रिपोर्ट त्याच्या आईचा. वरचं इंग्रजी मी त्याला समजावून दिलं, पण माझं लक्ष खालच्या ओळीवरच खिळलं होतं. आजवर पाहिलेल्या रिपोर्टांच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ एवढंच छापील वाक्य असायचं. पेशंटच्या घरच्यांनाही वाचता यावं म्हणून कुणी दोन रेघा मारलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. ही ओळ लिहिणाऱ्या माणसाला मला भेटायचं होतं. पुढच्या तपासणीला त्याच्या आईच्या, म्हणजे मावशींच्या, परवानगीनं मीही उमरग्याला गेले.

मावशी पन्नाशीच्या. उजव्या बरगडीखाली जडपणा, अधूनमधून कळ. आधी कुणीतरी लिव्हरला पू झालाय असं म्हणून सोनोग्राफीला पाठवलं होतं. तो अंदाज गैर नव्हता. अमीबामुळे यकृतात होणारा फोड आपल्याकडे नवा नाही, आणि गरज पडली तर सुईनं पू काढला की पेशंटला आराम पडतो. पण मावशींच्या यकृतात पू नव्हता. ती हायडॅटिडची गाठ होती. एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीची अळी शरीरात शिरून स्वतःभोवती पाण्याची पिशवी तयार करते. अशा पिशवीत बेसावधपणे सुई खुपसली आणि आतलं पाणी पोटात सांडलं, तर ॲलर्जीचा असा झटका येऊ शकतो की रक्तदाब कोसळून माणूस दगावतो. त्यातून वाचला तरी सांडलेल्या पाण्यातल्या कणांपासून पोटभर नव्या गाठी धरू शकतात. तयारीनिशी, औषधांच्या आडोशानं सुईनेच उपचार करायची एक पद्धत आहे, पण ते काम जाणत्या हातांचं.

“नऊ सेंटिमीटर,” मावशी वाटेत मला म्हणाल्या. तो आकडा त्यांना पाठ झाला होता. नऊ म्हणजे केवढं, हे हाताची बोटं पसरून त्या शेजारणीलाही दाखवत होत्या.

सोनोग्राफी केंद्राच्या दारातच ठळक पाटी, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. आत अंधार, एसीचा गारठा आणि जेलीचा तो किंचित औषधी वास. डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. उपाशीपोटी आलात का, हे विचारून त्यांनी पोटावर जेली लावली. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर राहिला तरी ध्वनिलहरी तिथूनच माघारी फिरतात, म्हणून ही जेली. पडद्यावर करडं यकृत आणि त्यात काळाभोर गोल. पाण्यातून आवाज अडथळ्याविना जातो म्हणून पाणी काळं दिसतं, आणि त्याच्या मागचा भाग उजळतो. एवढं कुणालाही शिकवता येतं.

मॅडम गोलाच्या कडेवर थांबल्या. साध्या पाण्याच्या गाठीची कड एकेरी आणि पातळ असते. इथे दोन रेषा होत्या, मध्ये बारीकशी फट. बराच वेळ त्या कडेकडेनं प्रोब फिरवत राहिल्या.

“मावशी, कूस बदला. डावीकडं वळा, सावकाश.”

मावशी वळल्या आणि त्या काळ्या गोलात पांढरे कण उसळले. तळाशी बसलेला गाळ हलला, भिरभिरला आणि पुन्हा खाली बसू लागला. डॉक्टर याला हायडॅटिडची वाळू म्हणतात. त्या वाळूत अळीची सूक्ष्म डोकी असतात. मॅडमनी मला जवळ बोलावून पुन्हा दाखवलं. मी तिथं बसून इतर पेशंटांच्याही तपासण्या पाहिल्या, पण घरी आल्यावर डोळ्यांपुढे येत राहिलं ते एवढंच, कूस बदलताच उसळलेलं ते पांढरं. पेशंटला वळवलंच नसतं तर? गाळ तळाशी गप्प राहिला असता आणि यंत्र लाखांचं असूनही ते दिसलं नसतं.

पण मॅडम म्हणाल्या की पहिल्या दिवशी निदान वाळूनं झालंच नाही. “मी विचारलं, घरात काय धंदा आहे. मेंढरं म्हणाल्या. कुत्री? चार. मग विचारलं, मेंढरू कापल्यावर आत पाण्याचे फोड दिसतात का?”

मावशी पडल्या पडल्याच म्हणाल्या, “दिसत्यात की. फुप्फुसाला, काळजाला. ते आमी खात न्हाई, कुत्र्याला टाकतो.”

सगळं चक्र त्या एका वाक्यात आलं. फोडातली अळी कुत्र्याच्या आतड्यात जाऊन फीतकृमी होते, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात, केसांवर, पाण्यात जातात आणि तिथून मेंढराच्या किंवा माणसाच्या पोटात. गाठ हळूहळू, कित्येक वर्षं वाढते. नऊ सेंटिमीटर व्हायला मावशींच्या आयुष्यातली किती वर्षं गेली असतील?

या आजाराच्या सोनोग्राफी-चित्रांची पहिली गाजलेली वर्गवारी ट्युनिशियाच्या हसन घारबी यांनी 1981 साली मांडली, आणि 2003 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं तिच्या आधारे नवी वर्गवारी प्रसिद्ध केली. ट्युनिशियाही मेंढरांचाच मुलूख. गाठ जिवंत आहे, की मरणपंथाला लागली आहे, की चुना धरून निपचित पडली आहे, हे चित्रावरून ठरतं आणि त्यावर उपचार ठरतो. पाच सेंटिमीटरच्या आतली साधी गाठ नुसत्या अल्बेंडाझोल या औषधावर सोपवता येते. निपचित गाठीला बहुधा हातही लावत नाहीत, नजर ठेवतात. मावशींची गाठ जिवंत आणि नऊ सेंटिमीटरची, म्हणून सोलापूरला सर्जनकडे. रक्ततपासणी असते, पण गाठ असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे सगळी भिस्त चित्रावर, आणि चित्र पाहताना ‘घरात काय धंदा आहे’ विचारणाऱ्यावर. मला तर वाटतं, या आजाराला दुर्मीळ म्हणताना तो कुणी कुठे शोधला हेही विचारायला हवं.

केनियातल्या तुर्काना या पशुपालक समाजात 1980 च्या दशकात सोनोग्राफी यंत्रं थेट वस्त्यांवर नेऊन हा आजार शोधला गेला. आपल्याकडे पोर्टेबल यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत, आणि ती का आली हे मराठवाड्याला सांगायला नको. 2011 च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा हवाच. पण मुली मारण्यासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी केलेल्या पापाची किंमत वाडीवरच्या मेंढपाळ बाईनंही मोजायची, याचा संताप येतो.

फुप्फुसातही गाठ असू शकते म्हणून छातीचा एक्स-रे झाला. तो स्वच्छ निघाला. मग मॅडमनी मुलाला टेबलावर बोलावलं. “मला काय झालंय?” म्हणत तो आडवा झाला. एकच अंगण, तीच कुत्री, तेच पाणी, म्हणून सगळ्या घराची तपासणी. त्याचं यकृत निर्मळ होतं. वडिलांचंही. कुत्र्यांना प्राझिक्वांटेलची गोळी कशी द्यायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, मेंढरू कापल्यावर फोड आलेलं काळीज जाळा नाहीतर खोल पुरा, हे मॅडमनी मुलाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

“घरात आणखी कोण?”

“आजी हाय. मेंढरांपाशी. आळंदकडं गेलीय, कर्नाटकात. तिला एसटीत बसवत न्हाई.”

“वय?”

“आता काय सांगू. लई म्हातारी. तिचंबी पोट दुखतं अधनंमधनं.”

मॅडमनी रिपोर्ट उलटा केला आणि पाठीमागे निळ्या पेनानं लिहिलं, ‘आजींची सोनोग्राफी राहिली आहे.’ खाली केंद्राचा नंबर लिहून दिला आणि कुठल्याही दिवशी आणलं तरी बघेन म्हणाल्या. मुलगा वडिलांकडे बघत होता. जीप ठरवायची, तर आधी एक मेंढरू विकावं लागणार होतं.