नाव नसलेल्या गोष्टींचं बेट

एक तरुणी एकटीच रानात जाते. तिथे तिची शुद्ध हरपते. जाग येते तेव्हा शेजारी काहीतरी हलत असतं, रडत असतं. ती ते उचलून छातीशी धरते आणि घरी आणते. हे आपल्याला रानात सापडलं, असंच तिला वाटतं. मूल कुठून येतं, हे तिला कुणी कधी सांगितलेलंच नाही. तिच्या जोडीदारालाही नाही. दोघांना लहानपणी पाहिलेलं एकच बाळ आठवतं, हॅना नावाचं. म्हणून हेही हॅना. बाळ मुलगा आहे आणि हॅना हे मुलीचं नाव आहे, एवढं सांगायलाही त्या बेटावर तिसरं माणूस नाही.

हेन्री डी व्हेअर स्टॅकपूल या आयरिश लेखकाच्या 'द ब्लू लगून' या १९०८ सालच्या कादंबरीतला हा प्रसंग. निर्जन बेटावर अडकलेल्या प्रेमिकांच्या गोष्टी नंतर ढिगाने आल्या. त्यांतल्या कितीतरी गोष्टींची आजी हीच. पण मला तिच्यातल्या प्रेमापेक्षाही जास्त थक्क करतं ते हे, की ती एका डॉक्टरने लिहिली. स्टॅकपूल १८९१ मध्ये वैद्यकीची परीक्षा पास झाला आणि जहाजांवर डॉक्टर म्हणून फिरला. जन्म आणि मृत्यू हे त्याचं रोजचं काम. आणि त्याने अशी दोन माणसं कल्पिली, ज्यांना या दोन्ही शब्दांचा अर्थच ठाऊक नाही.

ही कल्पना सुचली कशी, हे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे. एका रात्री काही केल्या झोप लागेना. पडल्या पडल्या त्याला गुहेत राहणारा आदिमानव आठवला. सूर्य बुडताना पाहून किंवा ढग गडगडताना ऐकून त्या माणसाला काय वाटलं असेल? आपल्याला ते आता कधीच वाटणार नाही, म्हणून स्टॅकपूलला त्या आदिमानवाची असूया वाटली. मग त्याने ठरवलं, दोन लहान मुलं एका बेटावर ठेवून बघू.

गोष्ट थोडक्यात अशी. पॅसिफिक महासागरात एका जहाजाला आग लागते. डिक हा मुलगा, त्याच्याच घरात वाढणारी नात्यातली अनाथ एमेलिन आणि पॅडी बटन नावाचा म्हातारा खलाशी एका होडीतून बेटाला लागतात. एमेलिनने जिवापाड जपलेली एक छोटी पेटी असते. तिच्यात भातुकलीची चहाची भांडी. पॅडी मुलांना मासे धरायला आणि झोपडी शाकारायला शिकवतो. एका झाडाची फळं दाखवून बजावतो, की ही खाल्ली तर कधीच जाग येणार नाही. 'मरण' हा शब्द तो टाळतो, मुलांना जपण्यासाठी. पुढे दारूच्या पिंपापायी तो स्वतःच मरतो आणि मुलांसमोर पहिलं प्रेत येतं, तेही नावाशिवाय. मुलं मोठी होतात, एकमेकांना जीव लावतात आणि त्यालाही त्यांच्याकडे नाव नसतं.

कादंबरीला तिच्या काळाचा डाग आहेच. पॅसिफिकमधल्या मूळ रहिवाशांकडे ती केवळ भयाच्या नजरेने बघते, आणि ते आज वाचवत नाही. पण अज्ञान हे एवढ्या हळुवारपणे, त्याची टिंगल न करता, लिहिलेलं फार क्वचित सापडतं.

आता त्या बेटाकडे जरा नीट पाहू, कारण डिक आणि एमेलिन ज्यावर जगतात तेही त्यांना ठाऊक नाही. बेटाभोवती पोवळ्यांची भिंत आहे, आणि भिंत व किनारा यांच्यामधलं शांत उथळ पाणी म्हणजे लगून. बाहेर अख्खा महासागर आदळत असतो आणि आत पाण्यावर साधी सुरकुती नसते. अशा भिंती लाटेची सरासरी ९७ टक्के शक्ती शोषून घेतात, असं मोजमापांतून दिसलं आहे. ती भिंत बांधतात पॉलिप नावाचे इवलेसे, मऊ जीव. पाण्यातला चुना घेऊन ते घर करतात, मरतात आणि पुढची पिढी त्याच घरावर आपलं घर चढवते. पायाखालची पांढरी वाळूही बरीचशी जिवांचीच. पोपटमासा पोवळं कुरतडतो, घशातल्या दातांनी त्याचं पीठ करतो आणि न पचलेलं बाहेर टाकतो. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो.

पण ही भिंत किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात का उभी असते? चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये उत्तर दिलं: बेट बुडतंय. ज्वालामुखीतून वर आलेला डोंगर लाखो वर्षांत हळूहळू खाली खचतो. कडेची पोवळी उजेडासाठी तितक्याच हळूहळू वर चढत राहतात. डोंगर आक्रसतो, भिंत जागच्या जागी राहते, मधली जागा पाण्याने भरते. शेवटी डोंगर पूर्ण बुडाला, की उरतं नुसतं कडं. आपली लक्षद्वीपची कंकणद्वीपं अशीच. १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनिवेटोकवर छिद्र पाडून पाहिलं, तेव्हा १,२०० मीटरहून जास्त खोल जाईपर्यंत चुनखडकच लागत होता, आणि त्याखाली ज्वालामुखीचा खडक. डार्विनचं उत्तर ११० वर्षांनी हाताला लागलं. म्हणजे प्रेमिकांचं ते अढळ नंदनवन त्यांच्या पायांखाली बुडतच असतं, फक्त माणसाच्या आयुष्यात कळू नये इतक्या सावकाश.

या कादंबरीवर चित्रपट बरेच निघाले. त्यांतला १९८०चा सर्वात गाजला. त्याचं चित्रीकरण फिजीच्या यासावा द्वीपसमूहात झालं. पडद्यावर एके ठिकाणी हिरवागार इग्वाना दिसतो. अंगावर बारीक पांढरे पट्टे, पाठीवर काट्यांचा तुरा. चित्रपट झळकला तेव्हा त्या प्राण्याला शास्त्रात नावच नव्हतं! तो पडद्यावर पाहून जॉन गिबन्स या फिजीतल्या प्राणिशास्त्रज्ञाचं कुतूहल चाळवलं, असं सांगतात. १९८१ मध्ये त्याने या जातीचं शास्त्रीय वर्णन छापलं: 'ब्रॅकिलोफस व्हिटिएन्सिस'. फिजीचे लोक इग्वानाला पूर्वीपासून 'वोकाई' म्हणत आले होते, हेही इथे सांगायला हवं. पण लाखो प्रेक्षकांनी तो प्राणी डिक आणि एमेलिनच्याच नजरेने पाहिला: समोर आहे, सुंदर आहे, आणि काय आहे ते माहीत नाही.

याहून मोठं नवल पुढे आहे. इग्वानांचे बहुतेक सगळे नातलग अमेरिका खंडात आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर. मग फिजीत हे कुठून आले? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्यांचा सर्वात जवळचा हयात नातलग उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला इग्वाना आहे, आणि दोघांच्या वाटा साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. मधलं अंतर सुमारे ८,००० किलोमीटर, सगळा समुद्र. उन्मळून वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून त्यांचे पूर्वज आले असावेत. वाळवंटातल्या सरड्याला ऊन आणि तहान सोसता येते, आणि तराफ्यावरची पानं हाच त्याचा शिधा.

एखादी जोडी असेल, किंवा पोटात अंडी असलेली एकटीच मादी. खाली खारं पाणी, वर ऊन. मग एके दिवशी पायांना वाळू लागली, आणि पुढे रान होतं.