तहानलेल्या उसाची कांडी आखूड का राहते?



तोडणीच्या वेळी ऊस हातात घेऊन पाहिला, तर मधल्या दोन-चार कांड्या आखूड आणि त्यांच्या खाली-वर लांब, असे पुष्कळदा दिसते. ही उन्हाळ्यातल्या ताणाची खूण. आवर्तन लांबले, विहिरीने तळ गाठला, की त्या दिवसांत धरलेली कांडी आखूड राहते. पुढे कितीही पाणी द्या, ती लांबत नाही. वारूळवाडीच्या शिवारात मीनाकाठच्या काळ्या रानाला ताण उशिरा जाणवतो, वरच्या मुरमाड रानाला लवकर; पण खूण दोन्हीकडे तीच. सभासद आम्हाला विचारतात, "पाणी दिलं, पानं उघडली, मग ऊस हलत का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उसाच्या पेशीत सापडते.

पेशी म्हणजे एक छोटा कारखानाच समजा. केंद्रक हे तिचे ऑफिस. कोणते प्रथिन तयार करायचे याची चिठ्ठी तेथून निघते. ती चिठ्ठी वाचून अमिनो आम्लांचे मणी एकामागून एक ओवणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. एकेका पेशीत अशी यंत्रे लाखोंनी असतात. नवी प्रथिने झाल्याशिवाय वाढ नाही. म्हणजे रायबोसोम थांबले की ऊस थांबला. या यंत्राची रचना उलगडून दाखविल्याबद्दल २००९ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतले एक, वेंकटरामन रामकृष्णन, तामिळनाडूतील चिदंबरमला जन्मलेले.

आता ताणात काय घडते ते पाहू. पाणी कमी पडले की पान आपली रंध्रे मिटून घेते. त्यामुळे कर्बवायू आत येणे कमी होते, पण वरचे ऊन काही कमी होत नाही. पानाने उन्हातून घेतलेली शक्ती साखर करण्यात खर्ची पडत नाही. उरलेली शक्ती प्राणवायूवर जाते आणि त्याची तापट रूपे तयार होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यांपैकीच एक. पावसात राहिलेल्या कोयत्याला गंज चढतो, ती प्राणवायूचीच करणी. तसाच गंज पेशीत रायबोसोमला आणि त्याच्या मदतनीस प्रथिनांना चढतो. मग यंत्र चिठ्ठी वाचता वाचता मध्येच अडकते.

जपानचे निशियामा, मुराता व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली निळ्या-हिरव्या शेवाळावर एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. प्रखर उन्हात प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतले एक प्रथिन सारखे मोडते आणि सारखे नवे बसविले जाते. पेरॉक्साइड वाढले म्हणून मोडतोड वाढली नाही; दुरुस्ती थांबली, कारण नवे प्रथिनच होईना.

याशिवाय पेशी आपणहूनही काम आवरते घेते. मिल चोक झाली की आपण आधी गव्हाण बंद करतो, तसेच हे. पाणी आल्यावर पाने तासाभरात उघडतील, पण आतली दुरुस्ती होऊन मिल पूर्ववत चालू व्हायला दिवस लागतात. ते दिवस वजनकाट्यावर कमी भरतात.

या गंजावर पेशीचा स्वतःचा बंदोबस्त आहे. तापट प्राणवायू निवविणारी एन्झाइमे तिच्याजवळ असतात. त्यांना लोह, जस्त, तांबे, मँगेनीज लागते. चुनखडीच्या रानात खोडव्याला केवडा पडतो तेव्हा लोह कमी मिळालेले असते. अशा उसाचा बंदोबस्तही ढिला पडतो. मॅग्नेशियम तर रायबोसोमचे दोन भाग जुळवून धरते. म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्ये हा चैनीचा खर्च समजू नये.

आमचे सांगणे एवढेच, की ताण लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी तयारी करावी.

१. खोडव्यात पाचट जाळू नका. एकरी तीन-चार टन पाचट सरीत पसरा. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट व ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. ओल टिकते, जमीन तापत नाही.

२. पाणी कमी पडणार असा अंदाज असेल तर पालाशची मात्रा शिफारशीपेक्षा पाव हिश्श्याने वाढवा. रंध्रांची उघडझाप पालाशवर चालते.

३. ताण सुरू होताच १०० लिटर पाण्यात २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश व २ किलो युरिया विरघळवून सकाळी किंवा सायंकाळी फवारा.

४. पाणी अपुरे असेल तर एक आड एक सरी भिजवा. अर्धे रान भिजवून अर्धे कोरडे ठेवू नका.

५. लागणीस जात पाहून घ्या. पाडेगाव केंद्राने १९९६ साली दिलेली को ८६०३२ ताण बऱ्यापैकी सोसते. पण सोसते म्हणजे तिला ताण लागत नाही, असे नव्हे.

लागणीपूर्वी मातीचा नमुना तपासून घ्यावा व अहवाल घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. कोणत्या रानाला काय कमी पडते ते पाहून खताचा हिशेब आम्ही बसून मांडून देऊ. आणि यंदा तोडणीला मोळी बांधताना एक ऊस उभा धरून कांड्या जरूर पाहा. आपले रान कोणत्या महिन्यात तहानले होते, ते त्यावर लिहिलेले असते.