नातवाचा ब्रिटिश अर्ज आणि नाशिकचे कागद

भारताचे पासपोर्ट छापले जातात नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्या निळ्या पुस्तिका घेऊन नाशिकची मुलंमुली ब्रिटनला नोकरीला गेली, काही जण तिथेच स्थिरावले. आता त्यांच्या मुलांच्या ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज भरायची वेळ आली की नाशिकला गंगापूर रोडवर फोन वाजतो: "बाबा, महापालिकेतून तेवढा जन्मदाखला काढता का?" फोनच्या दोन्ही टोकांना ऐकीव माहिती भरपूर असते, आणि अर्ज अडतात ते बहुतेक तिच्यापायीच.

पहिली ऐकीव गोष्ट म्हणजे "तिथे जन्मला म्हणजे तिथलाच". ही समजूत अमेरिकेकडून आलेली आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून, म्हणजे १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा लागू झाल्यापासून, नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात, नाहीतर त्यांच्याकडे कायम वास्तव्याची परवानगी असावी लागते. ती परवानगी जन्मानंतर मिळाली असेल, तर मूल अठरा वर्षांचं होण्याआधी नोंदणीचा अर्ज करता येतो आणि तो मुलाचा हक्क आहे. नाशिकला जन्मून तिकडे गेलेल्या मुलाचं मात्र तसं नाही. तिथे बहुतेक वेळा निर्णय गृहखात्याच्या विवेकावर असतो. म्हणून अर्जाला हात घालण्याआधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहून काढाव्यात, मुलाच्या जन्माची आणि आईवडिलांच्या परवानगीची. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

आता रेफरी, म्हणजे मुलाला ओळखतो असं अर्जात लिहून देणारी दोन माणसं. इथे आपल्याकडची सवय आड येते. "आमदारांचं पत्र आणू का?", "तुझे मामा तिकडे कन्सल्टंट आहेत, त्यांचीच सही घे." आमदारांच्या पत्राला त्या फाइलीत काही किंमत नाही, आणि मामा तर नियमानेच बाद. रेफरी मुलाच्या नात्यातला चालत नाही. दोन रेफरी एकमेकांच्या नात्यातले चालत नाहीत, म्हणजे शिक्षिका आणि तिचा नवरा अशी जोडी नको. अर्ज हाताळणारा वकीलही चालत नाही.

दोघांपैकी एकाने मुलाशी कामाच्या नात्याने संबंध ठेवलेला असावा: शाळेतली शिक्षिका, लहान बाळांना भेटी देणारी आरोग्यसेविका, समाजसेवक, धर्मगुरू. ही व्यक्ती कुठल्याही देशाची नागरिक असली तरी हरकत नाही. पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं आणि वर्गशिक्षिका भारतीय पासपोर्टवाली आहे म्हणून ते उगाच दुसरं कुणी शोधत बसतात. दुसरा रेफरी सर्वसाधारणपणे ब्रिटिश पासपोर्टधारक हवा आणि एकतर व्यावसायिक किंवा पंचविशीच्या पुढचा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. तिथे गणपतीला भेटणारे, मूल ज्यांना "काका" म्हणतं ते गृहस्थ इथे चालतील, कारण हे काकापण रक्ताचं नाही. सख्खे किंवा चुलत काका असतील तर नाही. रेफरीने मुलाची स्तुती करायची नसते. फोटोतलं मूल तेच आहे आणि आपण त्याला ओळखतो, एवढंच त्याला सांगायचं असतं. मोठ्या हुद्द्याचा पण मुलाला कधी न भेटलेला माणूस या कामाला सगळ्यात वाईट.

कागदांच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. जाडजूड फाइल पाठवली की काम होतं, असं वाटतं. खरं तर थोडे कागद लागतात, पण ते एकमेकांशी जुळलेले लागतात. ब्रिटनचा जन्मदाखला दोन प्रकारचा असतो. छोट्यावर आईवडिलांची नावंच नसतात, म्हणून मोठा, पूर्ण दाखला घ्यावा.

नाशिकच्या दाखल्यात वेगळी गाठ असते. रुग्णालयातून जन्माची नोंद लगेच जाते, बारसं बाराव्या दिवशी किंवा त्याहून उशिरा, आणि मधल्या काळात नोंदीतला नावाचा रकाना कोराच राहतो. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षं कोरा असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १४ प्रमाणे हे नाव नंतर घालता येतं: पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क, त्यापुढे विलंब शुल्क भरून, नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत. नोंदीतली चूक सुधारायची असेल तर कलम १५. या दोन्ही गोष्टी निबंधकाकडेच होतात. "नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून टाकू" हा आपला रामबाण उपाय इथे लागू पडत नाही, कारण स्टॅम्पपेपरने मूळ नोंद बदलत नाही.

सगळ्यात जास्त घोळ आईच्या नावाचा. माहेरचं नाव पदवीवर, सासरचं पासपोर्टवर, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. तिकडच्या अधिकाऱ्याला या तीन बायका वाटल्या तर त्याचा दोष नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि गरज पडल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद, एवढ्याने ही साखळी जुळते. कागद फक्त मराठीत असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. शेजारच्या इंग्रजीच्या सरांनी हौसेने केलेलं पुरत नाही.

मुलाला 'लाइफ इन द यूके' परीक्षा द्यावी लागते, हेही खरं नाही. अठरा वर्षांखालच्यांना ती नाही. वर्तणूक मात्र दहा वर्षांपुढच्या मुलांची पाहिली जाते.

आजी-आजोबांनी लक्ष द्यावं अशी एक गोष्ट आहे. आईवडिलांना कायम परवानगी मिळाली नसली, तरी ब्रिटनमध्ये जन्मून पहिली दहा वर्षं तिथेच राहिलेल्या मुलाला नोंदणीचा स्वतंत्र हक्क आहे. अट अशी की त्या दहापैकी प्रत्येक वर्षी देशाबाहेरचे दिवस नव्वदपेक्षा जास्त नकोत. "एक वर्ष नाशिकला शाळेत घालू, मराठी पक्कं होईल" हा बेत मोहाचा आहे, पण याच अटीत बसत नाही. जादा दिवस माफ करण्याचा अधिकार गृहखात्याला आहे, मात्र तो त्यांच्या मर्जीचा.

राहिला दोन पासपोर्टांचा भ्रम. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. मुलाचा ब्रिटिश पासपोर्ट आल्यावर भारतीय पासपोर्ट रीतसर परत करावा लागतो. "सुट्टीला येताना वापरू" असं म्हणून तो कपाटात ठेवणं गुन्ह्यात मोडतं. त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येतं. ते आजन्म व्हिसासारखं आहे, नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबाग असलेल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. वारशाने आलेली बाग नातवाला मिळू शकते. शेजारचा गट मात्र तो स्वतःच्या नावावर खरेदी करू शकणार नाही.