तानसेकाठची ऊन पाण्याची कुंडे
साकीनाक्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरात, जिथे असंख्य घरांत स्नानाची जागा म्हणजे ओट्यालगतची मोरी असते आणि नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, तिथे कढत पाण्यात निवांत बसून राहणे नित्याच्या जीवनात शक्य होत नाही. तथापि ज्या तानसा नदीवरील 1892 साली पूर्ण झालेल्या धरणातून मुंबईला पाणी मिळते, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे, ऊन पाणी जमिनीतून आपोआप वर येत असते.

या उष्णतेचे कारण ज्वालामुखी नव्हे. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, बनला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झाला असून तो केव्हाच थंड झाला आहे. पावसाचे पाणी खडकांतील भेगांमधून खोल उतरते, दर किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढणाऱ्या पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते, आणि एखाद्या भेगेतून वेगाने वर आले तर निवण्याआधीच पृष्ठभागी पोहोचते. वाटेत खडकांतील क्षार विरघळत असल्याने त्याची चव आणि वास साध्या पाण्याहून वेगळा असतो.

मानवी इतिहासात स्नानासाठी जागा बांधणे हे फार जुने काम आहे. मोहेंजोदडो येथील विटांचे महास्नानगृह सुमारे 12 मीटर लांब असून पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला होता. पाणी तापवणे मात्र नेहमीच खर्चाचे होते. रोमन लोकांनी स्नानगृहांच्या पोकळ जमिनीखालून गरम हवा खेळवली, परंतु त्यासाठी भट्ट्या सतत पेटत्या ठेवाव्या लागत. मराठी घरांतही तांब्याच्या बंबाला लाकूड-कोळसा लागे, आणि सर्वांगाला तेल-उटणे लावून भरपूर ऊन पाण्याने केलेले अभ्यंगस्नान दिवाळीत विशेष मानाचे ठरले, त्यामागे ही दुर्मिळताही असावी. जळणाचा खर्च न मागणारे झरे म्हणूनच सर्वसामान्यांच्या दृष्टीने अमोल होते.

अशा जागी देवस्थान असणे स्वाभाविक होते. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तामुळे हे पाणी तापले, अशी लोककथा आहे. 1739 मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी देवीचे मंदिर बांधविले, असे परंपरा सांगते, आणि त्याची तटबंदी किल्ल्याचीच आठवण देते. गणेशपुरीला विसाव्या शतकात स्वामी नित्यानंदांच्या वास्तव्यामुळे, तसेच 1961 मधील त्यांच्या समाधीनंतर, मोठी ख्याती लाभली. येथील कुंडे भीमेश्वराच्या मंदिरालगत आहेत.

कोकणात असे झरे ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत पसरलेले असून दापोलीजवळील उन्हवरे येथील पाणी सुमारे 70 अंशांपर्यंत तापलेले असल्याने ते निवल्याखेरीज अंगावर घेता येत नाही. सांधेदुखी व त्वचाविकार यांवर या पाण्याचा गुण येतो असा लोकांचा दृढ विश्वास आहे. उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात हे खरे, परंतु हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याविना अतिउष्ण कुंडात उतरू नये. कुंडात साबण वापरणे तर कटाक्षाने टाळायला हवे, कारण एकाच पाण्यात दिवसभर शेकडो माणसे उतरत असतात.