जुनी दुनळी, नवं काडतूस

जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकीत बारा बोअरचं नवं काडतूस अलगद बसतं, आणि धोका नेमका इथेच आहे. काडतुसावर छापलेली 70 मिलिमीटर लांबी बार उडाल्यानंतरची, म्हणजे दुमडलेलं तोंड उलगडल्यावरची असते. जुन्या ब्रिटिश बंदुकांत काडतुसाची खोबण बहुधा 65 मिलिमीटरचीच. उलगडणारं तोंड मग पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्‍यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. पोलादी छर्रे तर आणखी वाईट. ते शिशासारखे दबत नाहीत, त्यामुळे चिंचोळ्या तोंडाची नळी फुगू शकते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या जुन्या दमास्कस नळ्यांची पिळदार नक्षी देखणी खरी, पण आतला गंज बाहेरून दिसत नाही. नळीची दाब-चाचणी करणाऱ्या लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के नळीच्या बुडाशी खालच्या अंगाला असतात. जाणकार कारागिराकडून ते वाचून आणि नळीची जाडी मोजून घेतल्याशिवाय बार काढू नका.