चालत्या संगणकाची डिस्क बदलताना

जून महिना. मेहकरच्या एखाद्या सेवा केंद्रात पीककर्जासाठी सातबारा काढायला शेतकऱ्यांची रांग लागलेली असते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. कागद मेहकरात छापला जातो, पण नोंद असते दूरच्या सर्व्हरवर. सर्व्हरच्या डिस्क कधीतरी जुन्या होतातच. त्या बदलताना रांगेने घरी परत जायचे काय?

'आभासी संगणक' वापरले असतील, तर त्याची गरज नसते. एकाच भक्कम यंत्रावर असे अनेक संगणक चालवता येतात. प्रत्येकाला वाटते, आपली स्वतंत्र डिस्क आहे. प्रत्यक्षात ती असते साठ्यातील एक मोठी फाइल. मध्ये एक नियंत्रक प्रणाली बसलेली असते. वाचण्या-लिहिण्याचे प्रत्येक काम तिच्या हातून होते, त्यामुळे फाइल कोठे आहे हे तिलाच ठाऊक. फाइल हलवली तरी आभासी संगणकाला पत्ता लागत नाही.

हलवायची म्हणजे आधी नक्कल करायची. पण नक्कल चालू असताना मूळ बदलत राहते, खरी अडचण तीच. आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर घ्या. ते जीर्ण झाले म्हणून लिपिक नव्या वहीत उतरवत आहेत. शंभराव्या पानावर पोहोचले तोच बाराव्या पानावरच्या मुलाचा दाखला काढावा लागला, तशी नोंद जुन्या वहीत झाली. नव्या वहीतले बारावे पान चुकीचे ठरले!

एक उपाय असा : बदललेली पाने टिपून ठेवायची आणि तेवढीच पुन्हा उतरवायची. आकडे घालून पाहू. ५०० जीबीची फाइल सेकंदाला १०० एमबी वेगाने उतरवायला ५००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतील. दरम्यान सेकंदाला ५ एमबी भाग बदलत राहिला, तर २५ जीबी पुन्हा उतरवावे लागतील. त्याला २५० सेकंद. तेवढ्यात सव्वा जीबी बदलेल. त्याला साडेबारा सेकंद. पुढची फेरी एका सेकंदाच्या आत. तेव्हा आभासी संगणक क्षणभर थांबवून उरलेला भाग उतरवायचा आणि त्याला नव्या डिस्कवर वळवायचे. रांगेतल्या माणसाला हे कळतही नाही.

ही भूमितीय श्रेढी विद्यार्थ्यांना जरूर मांडायला सांगावी. मग विचारावे : बदलाचा वेग नकलेच्या वेगाइतकाच असेल तर? प्रत्येक फेरी आधीच्याएवढीच होईल, काम संपणारच नाही.

म्हणून दुसरा उपाय निघाला. लिपिक शंभराव्या पानावर असताना बाराव्या पानाची नोंद आली, तर ती दोन्ही वह्यांत करायची. दोनशेव्या पानाची आली, तर फक्त जुन्या वहीत. तिकडे ते अजून जायचेच आहेत. शंभराव्याच पानाची असेल, तर ते पान उतरेपर्यंत थांबायचे. एका फेरीत काम संपते. व्हीएमवेअर कंपनीने चालत्या यंत्राचा साठा हलवण्याची सोय २००७ मध्ये आणली. तिच्यात ही दुहेरी लेखनाची रीत २०११ च्या आवृत्तीत आली. मात्र नवी डिस्क मंद असेल, तर सगळे कामकाज मंदावते.

नवी डिस्क मध्येच बिघडली, तरी जुनी वही पूर्णच असते. पण मूळ नोंदच चुकीची असेल, तर तीही तितक्याच इमानाने नव्या वहीत जाते. ही नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे. ती आधीच, वेगळ्या जागी काढून ठेवावी लागते.