मधल्या फळीचा शिल्पकार

फुटबॉलमध्ये टाळ्या बहुधा गोल करणाऱ्याच्या वाट्याला येतात. मात्र त्या गोलची वाट आधी ज्याला दिसते, तो खेळाडू मधल्या फळीत उभा असतो. सर्बियाचे द्रागान स्टोयकोविच हे अशा दूरदृष्टीच्या खेळाडूंपैकी एक. ३ मार्च १९६५ रोजी निश शहरात जन्मलेल्या द्रागान यांना व्यंगचित्रपटातील एका उंदरावरून ‘पिक्सी’ हे टोपणनाव मिळाले आणि ते कायमचे चिकटले.

गावच्या राद्निच्की संघातून १९८६ मध्ये ते बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबमध्ये आले. १९९० च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध युगोस्लाव्हियाचे दोन्ही गोल त्यांनीच केले. चारच दिवसांनी फ्लॉरेन्समध्ये अर्जेंटिनाशी गाठ पडली. एक खेळाडू कमी झालेला असतानाही संघाने १२० मिनिटे सामना गोलशून्य राखला. पेनल्टींमध्ये मात्र पिक्सी यांचाच फटका आडव्या दांडीवर आदळला. संघ हरला.

त्याच वर्षी ते फ्रान्सच्या मार्से क्लबमध्ये दाखल झाले आणि गुडघ्याच्या दुखापतीने त्यांना जखडले. १९९१ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात समोर उभा होता तो त्यांचा जुना रेड स्टार! अगदी अखेरीस मैदानात उतरलेल्या पिक्सी यांनी आपल्या जुन्या क्लबविरुद्ध पेनल्टी घेण्याचे नाकारले. चषक रेड स्टारने जिंकला. पाठोपाठ युगोस्लाव्हिया दुभंगला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे १९९२ ची युरो स्पर्धा आणि १९९४ चा विश्वचषक देशाला मुकावा लागला. ऐन उमेदीची वर्षे अशी निसटून गेली.

नवे पर्व उजाडले ते जपानमध्ये. १९९४ मध्ये ते नागोया ग्रँपस एट संघात गेले. पुढच्याच वर्षी आर्सेन वेंगर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा खेळ पुन्हा बहरला आणि जे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला. २००१ मध्ये निवृत्त झालेले पिक्सी २००८ मध्ये त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून परतले आणि २०१० मध्ये नागोयाने प्रथमच लीगचे विजेतेपद पटकावले. २००९ च्या एका सामन्यात मैदानाबाहेर आलेला चेंडू त्यांनी सूट-बुटातच दुरून थेट गोलजाळ्यात धाडला. पंचांनी त्यांना बाहेरची वाट दाखविली. प्रेक्षकांनी मात्र तो फटका मनात जपून ठेवला.

मार्च २०२१ मध्ये सर्बियाच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लिस्बनमध्ये पोर्तुगालला बरोबरीही पुरेशी होती. मित्रोविच यांनी ९० व्या मिनिटाला केलेल्या गोलने सर्बियाने २-१ असा विजय मिळवून कतार विश्वचषकात थेट प्रवेश केला. पुढे २०२४ मध्ये स्वतंत्र सर्बिया प्रथमच युरो स्पर्धेत खेळला. २००० च्या युरोत पिक्सी स्वतः युगोस्लाव्हियाकडून खेळले होते. परंतु कतार विश्वचषक आणि २०२४ ची युरो या दोन्ही स्पर्धांत सर्बियाला साखळी फेरीची सीमा ओलांडता आली नाही. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी निशपासून जवळच असलेल्या लेस्कोवाच येथे अल्बानियाकडून ०-१ असा पराभव झाला आणि त्यांनी राजीनामा दिला.

ज्या मातीत खेळाचे पहिले धडे गिरवले, त्याच परिसरात हे पर्व संपावे, हा दैवयोगच. चषकांच्या हिशेबात पिक्सी यांच्या खात्यावर बरीच बाकी राहिली असेल. परंतु ज्यांनी त्यांचा खेळ पाहिला, त्यांच्या मनातील शिल्लक कधीच आटणारी नाही.